भुवई हलली की एक बटण

(टण्. स्टीलच्या वाटीत बटण पडतं.)

आई : हे कशाबद्दल? मी बोट वर केलं नव्हतं.

भिंगरी : भुवई हलली तुझी.

आई : भुवईचा काय संबंध? ठरलं काय होतं? मन भरकटलं की मी बोट वर करणार, मग तू बटण टाकणार.

भिंगरी : तू चोरून भरकटतेस. म्हणून लक्ष ठेवावं लागतं. काय आलं होतं मनात?

आई : दूध. मंद आचेवर ठेवलंय.

भिंगरी : आणि त्याच्या आधी?

आई : वकीलबाईंचा कोट. चारला न्यायला येतील. उद्या तोच घालून मोठ्या कामाला जायचंय म्हणाल्या. शिवून झालाय, तरी आपलं... अगं, बोलतं काय करतेस मला? दहा मिनिटं गप्प बसायचंय.

भिंगरी : मावशी म्हणाली, रोज दहा मिनिटं मन देवाजवळ ठेवलं की माणूस दिवसभर कुणावर खेकसत नाही.

आई : म्हणूनच बसलेय ना. काल तुझ्यावर खेकसले, ते अजून टोचतंय.

भिंगरी : खेकसली नव्हतीस. किंचाळलीस. खालच्या काकू वर बघायला आल्या.

आई : शिलाई मशीनमध्ये तेलाऐवजी मध घातला होतास तू. असो. आज नाही किंचाळणार, शब्द दिलाय. बस आता गुपचूप.

भिंगरी : देव जवळ आला की कळतं का गं?

आई : मावशीला कळतं. मला अजून दूधच दिसतंय.

भिंगरी : मग हे घे, अजून एक. भरली वाटी.

आई : भरेल कशी? डब्यात बाराच बटणं होती.

भिंगरी : ती कधीच संपली. तुझं मन एवढं पळतं, त्याला मी काय करू?

आई : मग ही कुठली?

भिंगरी : डोळे नको उघडूस, दहा मिनिटं व्हायचीत.

आई : भिंगरे.

भिंगरी : कोटाची. दोरेच कापले, कापडाला कात्री लागली नाही, शप्पथ. विचारणार होते, पण मधे बोलायचं नाही म्हणालीस.

आई : सगळी?

भिंगरी : सहाच तर होती. आई, नाक फुगलंय तुझं.

आई : फुगू दे.

भिंगरी : किंचाळणार आहेस?

आई : तोंडाशी आलंय. थांब, गिळू दे जरा... काळा दोरा आण. तो नको, तो निळा आहे. हां, हाच. सुईत तूच ओव, मी कोट घेते. वाजले किती?

भिंगरी : मोठा काटा नवावर आहे.

आई : पंधरा मिनिटं. वाटी घेऊन इथे बस. कोटाची वेगळी काढ. मी 'दे' म्हटलं की एक द्यायचं. दे.

भिंगरी : घे.

आई : दे.

भिंगरी : हे चौथं. आई... बरं, नाही बोलत.

आई : दे.

भिंगरी : हे शेवटचं. बेल वाजली, आई.

आई : वाजू दे. एवढी गाठ मारते. झालं. जा, दार उघड. आणि त्यांना काही सांगू नकोस.

भिंगरी : नाही सांगत. पण आई, चौथ्या बटणाला दूध उतू गेलं. मी जाऊन गॅस बंद करून आले, तुला पत्ताच नाही.

आई : उतू गेलं?

भिंगरी : सहा बटणं झाली आणि भुवई एकदाही हलली नाही. मी बघत होते. मग तेव्हा तू कुणाजवळ होतीस?