दिलेली चाल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे माझे थोरले बंधू, आणि समोरच्या रसिक बंधुभगिनींनो,

भाऊ म्हणून चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. आमच्या घराण्यात मूल आधी सूर लावतं आणि मग रडतं, अशी ख्याती. मी नुसताच रडलो, म्हणून शिंपी झालो. दादाने मात्र लहानपणी फिडलचा गज हातात धरला, तो आजवर सोडला नाही. दिवसभर वखारीत लाकडं रचायची आणि संध्याकाळी फिडल. बोटांत कुसळं असायची, पण सुरात एक सापडायचं नाही.

मग पणजोबांची ती सुप्रसिद्ध चाल तो हल्ली का वाजवत नाही? मघाशी चहा घेताना अध्यक्षांनीही हेच विचारलं. दादा नुसता हसला. हसून वेळ मारून नेण्यात तो पटाईत आहे, म्हणून उत्तर मी देतो.

आमच्याकडे रीत अशी, की चाल पुढच्याला दिली की देणाऱ्याने ती पुन्हा वाजवायची नाही. वडिलांनी ती दादाला दिली. त्यानंतर ते दाराशी बसून ऐकत. बोटं मांडीवर हलायची, पण त्या चालीसाठी त्यांनी पुन्हा गज उचलला नाही. म्हणूनच हात थकल्याशिवाय चाल द्यायची नसते. दादा पडला उतावळा! लेक आपल्याहून गोड वाजवते, याचा त्याला कोण अभिमान! हात धडधाकट असतानाच त्याने ती तिला देऊन टाकली. मी म्हणालोही, "अरे, थांब की जरा." तर म्हणे, "डोळे मिटायच्या आत तिच्या हातून ऐकायचीय मला."

जेमतेम वर्षभर ऐकली. मग ती कामाला जायची त्या बेकरीत, पीठ मळायच्या यंत्रात, तिचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली.

त्या घरात पुढे कित्येक दिवस कुणी शीळसुद्धा घातली नाही. ही चाल कधी लिहिलेली नाही, ध्वनिमुद्रित केलेली नाही. आज ती कुणीच वाजवत नाही. एक वाट आहे. जिच्याकडे चाल आहे तिने ती नुसती गुणगुणून परत दिली, तरी रीतीत बसतं. दादाचे हात आता थरथरू लागलेत, मंडळी. चाल त्यांच्याबरोबरच संपेल, याची मला फार भीती वाटते.

म्हणून अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून, तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या पुतणीला विचारतो. बाळ, देतेस का परत?

काय म्हणालीस? जरा मोठ्याने.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल. ती म्हणते, "काका, परत दिली म्हणजे माझा हात संपला, हे मीच कबूल केलं. उरलेल्या बोटांनी रोज वाजवून बघतेय मी. नाही जमत. पण नाही देणार."

दादा, तू तरी सांग तिला. घे, माईकवर बोल. नको?

बरं. तो म्हणतो, "मागू नकोस रे. तिची आहे ती."

मी आता आवरतं घेतो. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला उभं केलं, सगळ्यांचे उपकार मानतो. घरातली गोष्ट चारचौघांत उसवली, लेकीला भर सभेत अवघडून टाकलं, तेवढं पोटात घाला.

यानंतर दादा वाजवेल. ती एक चाल सोडून.