आबांचं यंत्र बंद पडलंय

...आणि वर आळीतली माणसं मलाच धीर देतात हो, "डाक्टर, मनाला लावून घेऊ नका, निघतं एखादं यंत्र तसलं." म्हणजे बघा, आबांच्या कानाचं यंत्र चालतंय, ठणठणीत चालतंय, आणि मी मान खाली घालून म्हणायचं, "हो ना, फसलंच ते." तुम्ही पुण्याची माणसं, लोणावळ्यात तुमचं कोणी नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो, नाहीतर पोट फुटेल माझं.

तर मी व्हिएन्नाला गेलो. कशाला? कानासाठी. बर्फात पाय गोठवून शिकलो काय, तर कान हा नुसता दरवाजा आहे, ऐकणारा आत बसलाय. आत म्हणजे मेंदूत. बाहेरून येतो तो निव्वळ गलका. त्यातली हाक कुठली, पातेलं कुठलं, पाऊस कुठला, हे मेंदू निवडतो, सुपात धान्य पाखडावं तसा. आता हे कळल्यावर माणूस स्वस्थ बसेल? मी परतीच्या बोटीवरच ठरवलं, मुंबईत थांबायचं नाही, आपल्या मावळात जायचं, इथे एक माणूस बहिरा ठेवायचा नाही. चौतीस साली लोणावळ्याच्या बाजारात दवाखाना उघडला, पाटी लावली, आणि पहिला रोगी घरचाच धरला.

माझे चुलते, भिमाजी. सगळी आळी त्यांना आबा म्हणते. रेल्वेच्या शेडात जन्मभर इंजिनांचे बॉयलर सांधले, म्हणजे घण बाहेरून पडतोय आणि हे बॉयलरच्या पोटात बसलेत... मग कान राहतील कशाला? कित्येक वर्षं जवळजवळ ठार बहिरे, पण थोडी धुगधुगी होती. मी यंत्र लावलं. छातीवर आवाज पकडणारी डबी, खिशात बॅटरी, कानाला वाटी. आबा दचकले.

"काय येतंय ऐकू, आबा?"

"समदंच येतंय. कावळा, पातेलं आन् तुजी काकी, यकाच मापाचं."

मी नाचायचाच बाकी राहिलो. अहो, पुस्तकातल्यासारखं होतं ते. कान हा नुसता दरवाजा, ऐकणारा आत बसलाय, आणि तो बिचारा इतकी वर्षं बिनकामाचा बसून पाखडायचंच विसरलेला. उपाय काय? बोलणं. रोज माणसांचं बोलणं कानी पडलं, तर तो पुन्हा निवडायला शिकेल. नाही पडलं, तर आबा गलक्याला वैतागून यंत्र फळीवर ठेवणार आणि त्यामागोमाग माझी पाटीही उतरणार. पण म्हटलं, बोलण्याचा तुटवडा, आणि आमच्या आळीत?

इथेच मी फसलो.

कारण तुम्हाला सांगतो, आबांचा ओटा म्हणजे सगळ्यांची मन मोकळं करायची जागा. कोणापाशी बोलता येत नाही ते आबांशेजारी बसून बोलायचं. आबा मान डोलावणार, तंबाखू मळून देणार, माणूस हलका होऊन घरी. सकाळी सरुबाई सुनेबद्दल बोलून जायची, दुपारी सून येऊन सासूबद्दल बोलायची. टांगेवाले चाँदभाई आपल्या घोड्याचं खरं वय फक्त आबांना सांगत. आणि आमची झुंबरकाकी, आबांची बायको, ती तर चूल पेटवतानाच सुरू, "बसा दगडावानी, मी मेले तरी कळायचं न्हाई तुमास्नी..."

यंत्र लागलं आणि ओट्यावर चिटपाखरू नाही. सरुबाई आली, डबीकडे बघितलं, "ऊन लय हाय न्हाई का, आबा," म्हणाली आणि पसार. मी काकीला म्हटलं, "काकी, तू तरी बोल की काहीतरी."

"काय बोलू? मानूस आयकतंय."

घरोघर हिंडलो हो मी, आबांशी बोला, औषध आहे ते, म्हणत. चाँदभाई म्हणाले, "डाक्टर, दरवाजा बंद हुता तवाच बरं हुतं बगा. आता आत कोन तरी बसलाय म्हनता, त्याच्याम्होरं कोन तोंड उघडंल?" शेवटी मीच रोज बसून बोललो. मेंदूविषयी. आबांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, ह्यापरीस कावळा बरा."

मग एके दिवशी आबा ओट्यावर उभे राहिले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "मेलं ह्ये यंत्र, बंद पडलं. पोराचं शिक्शान पान्यात गेलं." मी धावलो, डबी शोधायला लागलो, तर आबांनी डोळा मिचकावला. डबी बंडीच्या आत, तार मुंडाशाच्या आत, मुंडासं कानावर ओढलेलं. चालू होतं हो... चालू होतं.

संध्याकाळी ओटा भरला. दुसऱ्या दिवशी पहाटे काकी पूर्वीच्या जोमाने सुरू, "बरं झालं, मेलं ते. दगड तो दगडच." आणि मग, आबा सांगतात, "कान आलं तवा वाटलं हुतं, आता तरी इचारतील, कशी हायेस म्हनून." त्या दुपारी आबांनी आपण होऊन विचारलं, "कशी हायेस गं?" काकी मला सांगत आली, ह्यांना म्हातारपणी काय झालंय, जरा तपास.

आता सासू कुठली आणि सून कुठली ते आबा डोळे मिटून ओळखतात, कावळा आणि पातेलं तर केव्हाच पाखडून बाहेर. व्हिएन्नाला कळवावं असं यश. पण इथे सांगू कोणाला? सांगितलं की ओटा ओस, आणि ओटा ओस पडला की उपचार संपला. माझं नाव राखायचं तर आबांचं ऐकणं जातं, आणि त्याहून मोठं म्हणजे काकीचं बोलणं जातं.

रोज संध्याकाळी आबा दवाखान्यात येतात आणि माझ्याबद्दल कोण काय बोललं ते मलाच ऐकवतात. "सरू म्हनत हुती, पोरगं गुनाचं, पर शिकून हुकलं. चाँदभाई म्हनला, घोड्याचा डाक्टर झाला असता तर आपुन तरी ग्येलो असतो." शब्द न् शब्द बरोबर. एक अक्षर निसटत नाही, इतका पक्का झालाय त्यांचा मेंदू.

मग आबा जातात, आणि मी पाटीखाली एकटा रोग्याची वाट बघत बसतो. दरवाजा सताड उघडा आहे हो... ऐकणारा आत बसलाय.