आमचा रस्ता शेवटी

तळ्याकाठच्या दुकानात रांग दारापर्यंत आली होती. दुपारनंतर हिमवादळ येणार, असं रेडिओ सकाळपासून सांगत होता. सैमीच्या पुढे लेंपीकाकू होत्या आणि त्यांच्यापुढे रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवणारा उर्हो.

“उर्हो, उद्या आमच्या रस्त्यावर कधी येशील?”

“सकाळी सहाला. तुमच्यापासूनच सुरुवात करतो ना, काकू.”

“या खेपेला आमचा रस्ता शेवटी घे.”

“अहो, मग परवा उजाडेल.”

“उजाडू दे. आमचा यार्मो आलाय, तीन वर्षांनी. तोही एका रात्रीपुरता. उद्या दुपारचं विमान आहे म्हणे.”

“आणि घरात सामानसुमान?”

“पीठ आहे, मासे आहेत, सौनाची न्हाणी तापवायला लाकडं आहेत. फक्त बर्फ पडायचा राहिलाय.”

तेवढ्यात बूट झटकत यार्मो आत आला.

“आई, पडायला लागला बघ. उर्हो, उद्या सकाळी मला निघता येईल ना?”

उर्होनं काकूंकडे पाहिलं.

“कठीण आहे. यंत्र जुनं झालंय रे.”

“आई तर म्हणाली, नवंकोरं घेतलंयस.”

“नवंच आहे. म्हणून तर अजून हात बसला नाही.”

“सैमी, माझी जागा धर गं जरा,” काकू म्हणाल्या. “कॉफीचं आणखी एक पाकीट घेऊन येते.”