तापात आलेली हाक

(निजामाच्या जुन्या राजधानीतली गौलीगुडा वस्ती, ऑक्टोबर १९५६. भर दुपार. अंबाजींचं बिऱ्हाड बांधून होत आलं आहे. घरात त्यांची बायको विमलाबाई, मुलगी तारामती आणि गावाहून आलेली त्यांची थोरली बहीण भागूबाई.)

तारामती : सकाळी नवसाचं अर्धंच बोललीस, आत्या. आता नीट सांग. माझ्या कानात बोलली ती मायच ना?

भागूबाई : आगं, तुझी मायच की. म्या तिथंच हुते. तुला मोतीझरा झालेला, अंग नुसतं तव्यावानी. कोठीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात टेकले, तवा इमलनं तुला उचललं अन् चर्चात नेऊन मरियामातेच्या पायाशी घातलं.

विमलाबाई : अक्का, बस्स करा. ती वळकटी बांधायची राहिलीय.

भागूबाई : बांधते की. पोरगी आज मठात चालली, तिला तिच्या नवसाची गोष्ट नगं का ठावं? चांगली गोष्ट हाय. म्या तर गावात समद्यांना सांगते.

तारामती : काय विचारलं तिनं?

भागूबाई : 'माझी होशील का?' म्हणून. देवाच्या वतीनं इचारायचं असतंय. लेकरू देवाला द्यायचं तर लेकराचा होकार लागतो, न्हाईतर नवस पोचत न्हाई. तुझे डोळे मिटलेले, पण 'हो' म्हणालीस बघ. मग ताप उतरला. अशी काय बघतीस? म्या काय वंगाळ बोलले का?

तारामती : नाही, आत्या. टांगा आला का, तेवढं बघून येतेस?

भागूबाई : येते बाई. हिनं तुला सांगितलंच न्हाई, हे मला काय ठावं?

विमलाबाई : तारा, चार वाजता मदर मठाच्या दारात उभ्या राहतील. तुला सोडून मग आम्ही काचीगुडा स्टेशनला. तुझ्या बापाला औरंगाबादच्या कचेरीत हजर व्हायचंय. राज्य मोडून भाषेवार वाटतायत म्हणून नोकरी थांबत नाही. आता हे उकरत बसू नक्को.

तारामती : त्या आवाजाचं मी पहिल्यांदा तुलाच सांगितलं होतं, माय. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, मी आजारी होते ना, तेव्हा चर्चमध्ये मला कुणीतरी विचारलं. तू काय म्हणालीस?

विमलाबाई : म्हटलं, ध्यानात ठेव.

तारामती : तेवढंच. मी ठेवलं ध्यानात. मोठी झाले तसं फादरना सांगितलं. ते म्हणाले, हे पाचारण असेल, देव असाच हळू बोलावतो. मदरनी विचारलं, तुला मठात का यायचंय, त्यांनाही तेच सांगितलं. इंदुताईंचा मुलगा दौलत, बिचारा लग्नासाठी किती थांबला. त्यालाही परतवून लावलं, म्हटलं तुझ्या आधी मला दुसऱ्यानं विचारलंय. तू पडद्यामागं बसून ऐकत होतीस.

विमलाबाई : ऐकत होते. बरंही वाटत होतं अन् भीतीही.

तारामती : मग बोलली का नाहीस?

विमलाबाई : कशी बोलू? तुझ्या तोंडावर असा उजेड होता. मला वाटलं, देवानंच घेतलंय हिला, आता माझं तोंड मध्ये कायको?

तारामती : तुझी ती मावशी, खंडोबाला वाहिलेली. तिचं नाव काढलं की तू रडायचीस. एवढीशी पोर, तिला काय कळत होतं, म्हणायचीस. आणि माझं काय केलंस? मलाही मुरळीच सोडलीस, माय. फक्त देव बदललास.

विमलाबाई : असं म्हणू नक्को. तिला दारोदार नाचवली. तुला मी शिकवली, सिस्टरांच्या हाती दिली.

तारामती : दिलीस ना? तिच्या आईनंही दिलीच होती.

विमलाबाई : मग काय करायचं होतं मी? तुझ्या आधीचे दोन गेले. एक अंगावर पिणारा, एक नुकता पाऊल टाकायला लागलेला. तिसरी तू, माझ्या हातांत अशी लोंबत होतीस. मला जे ठाऊक होतं, ते केलं. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं म्हणून माहेरचं सगळं धुऊन निघतं काय?

तारामती : नवस बोललीस त्याचा राग नाही. माझ्यासाठीच बोललीस. पण इतकी वर्षं मी गुडघे टेकून ज्या आवाजाचे आभार मानत होते, तो तुझा होता, आणि तू माझ्या शेजारीच गुडघे टेकून गप्प होतीस. मला फसवलंस तू.

विमलाबाई : म्हणून सकाळी फादरकडं पळालीस? काय म्हणाले?

तारामती : म्हणाले, आईचा नवस लेकीला बांधत नाही. देव एका हातानं लेकरू घेऊन दुसऱ्या हातानं ताप उतरवत नसतो. उतरवला असेल तर फुकट उतरवला, कृपा म्हणतात ती हीच. तो बोलावतो आणि वाट बघतो, मनगट धरून ओढत नाही. तू मोकळी आहेस, म्हणाले.

विमलाबाई : मग चांगलंच झालं की.

तारामती : चांगलं? मी तिथंच बाकावर बसून रडले. मला वाटत होतं, कुणीतरी आपल्याला घट्ट धरलंय. कुणीच धरलं नव्हतं, माय.

विमलाबाई : बाकी काहीच बोलले नाहीत?

तारामती : बोलले. म्हणाले, देव आईच्या तोंडूनही विचारू शकतो.

विमलाबाई : बघ. मी तेच म्हणते.

तारामती : हौ. पण मग आईनं कधीतरी सांगायचं असतं, की तोंड माझं होतं.

विमलाबाई : चुकलं माझं. चल आमच्याबरोबर औरंगाबादला. मदरच्या मी पाया पडते. नवस मोडला म्हणते. काय यायचं ते माझ्यावर येऊ दे.

तारामती : मोडते म्हणतेस खरं, पण तुला अजून वाटतं, मी मठात गेले नाही तर मरेन.

विमलाबाई : वाटतं. तू नुसती खोकलीस तरी वाटतं. काय करू मी त्याला?

तारामती : मी औरंगाबादला येत नाही. आणि मठातही जात नाही, निदान आज नाही. इथं जवळच जामबागेत शाळेच्या सुशीलाबाईंच्या घरी एक खोली आहे. त्यांच्या शाळेत शिकवायला ये म्हणून त्या कधीच्या मागं लागल्यात. मदरना मी स्वतः जाऊन सांगेन.

विमलाबाई : एकटी राहशील? आपली माणसं तर सगळी इथून उठून चाललीत.

तारामती : राहीन. देवाला मी खरंच हवी असेन तर तो विचारेल. मग हो म्हणायचं की नाही, ते मी जागेपणी ठरवेन.

विमलाबाई : अन् नाहीच विचारलं तर?

तारामती : तर नाही. तेवढं तरी माझं मला कळू दे.

भागूबाई : इमल, टांगा आलाय. टांगेवाला लई परेशान करतोय मेला. आधी मठाकडं जायचं का नीट टेसनाला, इचारतोय.

विमलाबाई : नीट स्टेशनला, अक्का.

भागूबाई : अन् पोरगी?

विमलाबाई : ती कुठं जायचं ते तिचं ती बघेल. तुम्ही वळकटी घ्या. तारा, स्टेशनपर्यंत तरी येशील ना?

तारामती : येईन. पण गाडी हलली की मला हाक मारू नकोस, माय. तुझा आवाज आला की मी अजून विचार न करता उठते.