सिद्राम गुरवाची उपाशीपोटीची गोळी

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या. आळशी माणूस ओळखायचा कसा? बघा, लगेच शेजाऱ्याकडं पाहिलंत! स्वतःकडं एकानंही नाही! उन्हं वर आली तरी अंथरुणात, एक काम धरलं की दुसरं विसरलं — हा आळशी, असा शिक्का आपण मारून मोकळे. पण तो मनाचा दोष, की देहाचं दुखणं — हे ठरवायचं कुणी?

कोरंबीवाडी नावाचं गाव. गावात महादेवाचं देऊळ, आणि देवळाचा गुरव सिद्राम. तीस वर्षं एक दिवस चुकला नाही. उजाडायच्या आत आंघोळ, पिंडीवर पंचामृताचा अभिषेक, मग आरती. आवाज असा खणखणीत, की आरती झाली म्हणजे गावातल्या बायका चुलीवर आधण ठेवायच्या. आणि नेम कसा? देवाचं तीर्थ पोटात गेल्याशिवाय दुसरं काही तोंडात घालायचं नाही!

असा हा सिद्राम चैत्रात बदलला. चैत्रात, मंडळी! आपण पंख्याखाली सदरा काढून बसतो, आणि हा घोंगडं पांघरून! तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, अंगात शिसं ओतल्यासारखं. आरती उशिरा व्हायला लागली. एकदा तर पिंडीचा बेल नंदीला वाहिला आणि नंदीपुढची पेंड देवाला! महादेव भोळा, त्यानं चालवून घेतलं. गाव कुठलं भोळं?

देवस्थानचे अध्यक्ष तात्या मगदूम. करारी माणूस, घरात आणि गावात एकच आवाज — त्यांचा! त्यांनी पंच बसवले. सांगितलं, श्रावणाच्या पहिल्या सोमवारपर्यंत मुदत. सुधारला नाहीस तर पूजेचा मान तुझ्या चुलतभावाला. सिद्राम मान खाली घालून घरी आला. मान जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून खोल एक होतं. बायकोला, शेवंताला, तो म्हणाला, "लोक म्हणत्यात ते खरंच असंल. मीच आळशी झालो. देवाचं करायचासुद्धा कटाळा येतोय मला."

शेवंता शहाणी. तिनं वाद घातला नाही, दुसऱ्या दिवशी त्याला तालुक्याला डॉक्टर निगडेबाईंकडं नेलं. बाईंनी गळा चाचपला, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, थायरॉइड.

आता हे काय आहे ते समजून घ्या. पेटीवाले, तुम्हीही ऐका, सूर नंतर लावा! आपल्या देहात ग्रंथी आहेत. त्या थेंब थेंब रस रक्तात सोडतात — हार्मोन म्हणतात त्याला. नुसता थेंब, पण सगळा कारभार त्याच्यावर! तुम्ही प्रसादाची बुंदी दोनदा घेता — हो, दोनदा, मी बघतो इथून — तर ती साखर जिरवायला पोटातलं स्वादुपिंड रस सोडतं. मागं कुत्रं लागलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रस सोडतात, आणि साठीचे नानासुद्धा कुंपण ओलांडतात! तशी गळ्यात एक ग्रंथी, तीच थायरॉइड. अंगात ऊब किती, काळजाचे ठोके किती, बुद्धी चपळ किती, हे तिच्या हातात. आणि तिच्यावर मुकादम आहे डोक्यात, वाटाण्याएवढी ग्रंथी. खालचीचा रस कमी पडला की ही वरून ओरडते — काम कर, काम कर! सिद्रामच्या रिपोर्टात या ओरडण्याचा आकडा दहापट चढलेला. पण खालची थकलीये, तिला ओरडून काय उपयोग? सांगा ना! आणि गावात तात्या तरी दुसरं काय करत होते?

बाईंनी गोळी दिली. सांगितलं, पहाटे उपाशीपोटी घ्यायची, सहा आठवड्यांनी या. सिद्रामनं एक दिवस चुकवला नाही. सहा आठवडे झाले — फरक शून्य! घोंगडं तसंच, घोगरा आवाज तसाच. गाव म्हणालं, बघा, औषधानंही जात नाही म्हणजे आळसच. सिद्रामलाही ते पटलं.

बाईंनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जागचा हलला नव्हता. दुसरा कुणी असता तर गोळी वाढवून मोकळा झाला असता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "गुरव, उठल्यापासून काय काय करता, ते एकेक सांगा."

त्यानं सांगितलं. आंघोळ करतो, अभिषेक करतो. पहाटे तीर्थ घ्यायला कुणी नसतं, पंचामृत सांडायचं नाही, म्हणून उरलेली वाटी स्वतःच पितो. त्या वाटीतच गोळी टाकतो.

"पंचामृतात? अहो, मी उपाशीपोटी सांगितलं होतं."

"उपाशीपोटीच की, बाई. तीर्थ म्हंजे काय खाणं हाय व्हय?"

हसू नका, मंडळी! तुमचा उपास तीर्थानं मोडतो का? नाही ना? मग त्याचं काय चुकलं? बाईंनी समजावलं, वाटीभर दूध-दही पोटात असलं की गोळी अंगी लागत नाही. ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि पुढं तासभर काही नाही.

आता आली का पंचाईत! गोळी आधी घ्यावी तर नेम मोडतो. तीर्थ आधी घ्यावं तर गोळी वाया. दोन दिवस सिद्राम त्याच विचारात. तिसऱ्या पहाटे पिंडीसमोर उभा राहिला आणि त्यालाच सुचलं. आधी नुसत्या पाण्याचा अभिषेक केला, त्या पाण्याचं तीर्थ घेतलं, त्याबरोबर गोळी! मग तासभर गाभारा धुतला, अंगण झाडलं, बेल तोडला. मग पंचामृत. नेमही राहिला, गोळीही लागू पडली!

आषाढ सरता सरता घोंगडं खुंटीला गेलं, आवाज मोकळा झाला. पण श्रावणाचा पहिला सोमवार उजाडला आणि तात्यांनी नवाच आरोप काढला — पूजेचा क्रम बदलला! भर सभामंडपात विचारलं, कुणाच्या परवानगीनं?

जन्मात उलटून न बोललेला सिद्राम उभा राहिला. त्यानं अंगात कसं शिसं भरायचं ते सांगितलं, थंडी कशी वाजायची, बायकोचं नावसुद्धा कसं आठवेना ते सांगितलं. मग म्हणाला, "तात्या, मान काढायचा तर काढा. पण चार महिनं मी सवताला शिव्या दिल्या. आळशी न्हवतो हो मी. आजारी हुतो."

तात्यांना हे सगळं ओळखीचं वाटलं. कारण तात्यांची सून — बाळंतपणानंतर सदा झोपून असायची, उन्हाळ्यात शाल पांघरायची, दूध उतू जाईपर्यंत चुलीपुढं नुसती बघत बसायची. आळशी म्हणून त्यांनीच तिला माहेरी धाडली होती. वर्ष होत आलं होतं. नातू तिकडंच चालायला शिकला.

तात्यांनी पूजेचा विषय पुन्हा काढलाच नाही. हलक्या आवाजात एवढंच विचारलं, "सिद्राम, ती डॉक्टरीण कुठल्या वारी बसते?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्या सुनेच्या दारात उभे होते. घ्यायला नव्हे, आधी माफी मागायला.

मंडळी, सगळाच आळस गळ्यातला नसतो. उद्या माझं नाव सांगून अंथरुणात लोळू नका! पण घरी जाल, तेव्हा ज्याला रोज आळशी म्हणता त्याच्याजवळ घटकाभर बसा. ओरडू नका. बाईंनी विचारलं तसं विचारा — उठल्यापासून तुला काय काय होतं, ते एकेक सांग. आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका. इथं माझं ऐकलंत ना तासभर? तेवढंच त्याचं ऐका, आणि मगच उद्या देवाला हात जोडा.