जावयाच्या बुडाखालचा पाट

...आणि वर मलाच म्हणतात, म्हातारा तापट आहे! मी? तुम्हाला सांगतो, मला कुणी हाक मारली तर "आलो" म्हणेपर्यंत हाक मारणारा निघून गेलेला असतो. मला राग आला हे माझं मलाच दुसऱ्या दिवशी कळतं! पण त्या शेगडीनं... विजेची शेगडी हो, आमच्या जावईबापूंनी दिलेली... तिनं मात्र मला जागच्या जागी राग आणला!

जावईबापू म्हणजे खंडेराव, आमच्या विजयाचे यजमान. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चाललंय ना, तिथं एका ठेकेदाराकडे आहेत. काम काय, तर विजेच्या वस्तू कामगारांच्या हातात देण्याआधी तपासायच्या. विजया पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, बोईसरच्या भाड्याच्या खोलीत, आणि धुरानं पोरीला ठसका लागतो म्हणून यांनी शेगडी आणली. पत्र्याची, आणि पत्र्यावर तांबड्या रंगाची एक पट्टी. आमची रखमाबाई, विजयाची आई, हरखली. "बघा, कुंकू लावून आणलीय जावयांनी!" आणि रोज सकाळी स्वतःही त्या पट्टीवर कुंकवाचं बोट टेकवायला लागली.

एकदा चहाचं पातेलं उतरवताना माझा हात पत्र्याला लागला. मुंग्या? अहो, कोपरापर्यंत हात माझा उरलाच नाही! मी म्हटलं, "अगं, ही... चावते."

रखमाबाई म्हणते, "नवी आहे. नवी वहाण चावत नाही का? पाटावर बसायचं, पाय वर घ्यायचे. पाटावर बसलं की काही होत नाही."

आता मला सांगा, वहाण चावली तर फोड येतो, ही चावली तर माणूस जातो! पण जावयाची वस्तू परत कशी करायची? जावई रुसेल! मुलीला चटके बसले तरी चालतील, जावई रुसता कामा नये! मोळी विकायला येणारी बुधी दारातून बघून हसली. "बाबा, आमची चूल धूर देते, पन चावत नाय!" तर रखमाबाईनं तिची मोळीच बंद केली.

आणि आला अधिक महिना! जावयाला जेवायला बोलवायचं, अनरसे द्यायचे. खंडेराव आले. दिवस पावसाळ्याचे, जमिनीला पाणी सुटलेलं, आणि घरात पाट किती? एक! तो कुणाला द्यायचा? तुम्हीच सांगा! जावयाला, दुसऱ्या कुणाला! पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, आणि शेगडीपाशी पोटुशी पोर बसली गोणपाटावर. ओल्या गोणपाटावर! मी म्हटलं, "अगं, पाट..."

"तुम्ही गप्प बसा! जावई जेवताहेत!"

बसलो गप्प. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार?

खंडेराव पुरीवर पुरी रिचवत विचारतात, "मामा, शेगडी कशी आहे?" मी तोंड उघडेपर्यंत रखमाबाई, "सोन्यासारखी!" तर हे बोटाचं श्रीखंड चाटत काय म्हणाले असतील? "साइटवर हिला मीच नापास केली. पत्र्यात करंट उतरतो हिच्या. तपासायचा दिवा लावला की भक्कन पेटतो! लगेच तांबडी पट्टी ओढली. साहेब म्हणाला, फेंक दो, आदमी मर जायेगा. म्हटलं, फेकायची कशाला? घरी होईल!"

घरी होईल! म्हणजे ठेकेदाराचा माणूस मरता कामा नये, आणि घरची बाई? ती काय... घरचीच!

"घाबरता काय, मामा? पाटावर बसलं की काही होत नाही."

अरे पण पाटावर बसलंय कोण? तूच की रे बाबा!

तेवढ्यात बघतो तर कढई कलली म्हणून विजयानं शेगडी सरळ करायला हात पुढे केलेला! आई मला गप्प बसवतेय, नवरा पुरी मोडतोय, आणि माझ्या तोंडून नुसतं "वि... वि..." नाव पुरं व्हायला सांज झाली असती! मी उठलो आणि बोर्डाच्या भोकात आगपेटीच्या काड्या ठोकून बसवलेली ती वायर अशी ओढली, अशी ओढली, की काड्या रखमाबाईच्या अंबाड्यात! शेगडी विझली. पत्र्याला हात लावून पोर माझ्याकडे बघतेय. "काय झालं, आबा?"

काही नाही गं माझे बाई... काहीच झालं नाही.

पण तेवढ्यानं राग जातो का? माघारी आलो, वाकलो, आणि जावयाच्या बुडाखालचा पाट ओढला! खंडेराव श्रीखंडात!

झालं! चाळभर एकच बोंब. "अधिक महिन्यात जावयाचा पाट ओढला हो!" शेगडीचं नाव? कुणी काढेना! जावई हात न धुता निघून गेले, आणि बाळंतपण होईपर्यंत रखमाबाई माझ्याशी भिंतीकडे तोंड करून बोलत होती.

नात झाली. बारशाला खंडेराव आले, चक्क माझ्या पाया पडले. "मामा, तुमचं बरोबर होतं. चूक माझीच." तुम्हाला सांगतो, डोळे भरून आले माझे. म्हटलं, नात आली आणि बापाला अक्कल आली! मग त्यांनी काखेतलं कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. "हे तुमच्यासाठी." सोडून बघतो तर काय...

दुसरा पाट!

शेगडी अजून तिथंच आहे. मी कुणाला तिच्याजवळ फिरकू देत नाही. घरातला चहा आता मीच करतो... दोन्ही पाट एकावर एक ठेवून.