टायर ठरेपर्यंत

(डिसेंबर १९९६. तासगावाबाहेर द्राक्षबागेच्या कडेचं घर. अंगणात नवी जीप. नाथाजी, त्यांची बायको विजयमाला, आणि फौजेत पंधरा वर्षं गाडी चालवून आलेला शेजारी मानसिंग.)

नाथाजी: ...तर सांगलीचा टायरवाला म्हणतोय, बारमाही टायर घ्या, बारा महिनं चालतोय. आता तू सांग मानसिंग, बारा महिन्यात हिवाळा येतोय का न्हाई?

मानसिंग: येतोय की.

नाथाजी: मग बर्फाचा येगळा टायर कशाला? बारा महिन्याचा घेतला की त्यात हिवाळ्याचं चार आलंच!

मानसिंग: आण्णा, आपला हिवाळा म्हंजी सकाळी मफलर आन् दुपारी बनियन. शिमल्याचा हिवाळा तसला न्हाई. बारमाही टायरचं रबर तिथल्या गारठ्यात वाळल्या चामड्यागत कडक हुतंय. ब्रेक मारला तरी गाडी सरकत चालली दरीकडं. बर्फाच्या टायरचं रबर थंडीतबी मऊ ऱ्हातंय. त्याला बारीक चिरा असत्यात, त्या बर्फ धरत्यात. बस.

विजयमाला: झालं? ठरलं? मग बर्फाचंच घ्या आन् निघा एकदाचं. तिकडं शिमल्यात लेकीला, पूजाला, आठवा महिना लागायची येळ आली.

नाथाजी: थांब गं. फौजेतला माणूस बोलतोय न्हवं. मानसिंग, म्हंजी बर्फाचाच घ्यावा म्हणतोस?

मानसिंग: घ्या. पर हितनं शिमला दोन हजार किलोमीटर. त्यात बर्फ लागलं तर शेवटच्या चाळीस-पन्नासात. मऊ रबर एवढ्या लांब आपल्या डांबरावर घासत न्यायचं म्हंजी झिजणार.

नाथाजी: बघ! तिथं बारमाही चालत न्हाई, हितं बर्फाचा चालत न्हाई. पर म्या इचार केलाय. दोन्ही न्यायचं! हितनं बारमाही लावून जायाचं, चढ लागला की उतरून बदलायचं. चार चाकाला, चार मागं, वर स्टेपनी.

विजयमाला: आन् पूजा?

नाथाजी: पूजाचं काय?

विजयमाला: पूजा कुठं बसंल? टायरावर?

नाथाजी: ती परतीला बसणार की. तवा टायर... तवाबी असणारच म्हणा. ते बघू तिथं गेल्यावर.

मानसिंग: फौजेत आमी चेन लावायचो, आण्णा. साधाच टायर, वरनं लोखंडी साखळी. बर्फ आलं, लावली. बर्फ गेलं, काढली.

नाथाजी: साखळी? नव्या जीपला? अरं, बाळासो गावभर सांगत सुटंल, नाथाजीची जीप दावणीला बांधून ठेवावी लागती म्हणून.

विजयमाला: आलं का बाळासोचं नाव! एवढा येळ कसं आलं न्हाई म्हणतच हुते.

नाथाजी: येणारच! त्यानं लेक बाळंतपणाला आणली कुठनं, तर मलकापुरास्नं. दोन तासाची वाट! त्याला जीपला केळीचं खांब आन् म्होरं हलगी. जसं काय लंका जिंकून आला. म्या सोसायटीच्या मीटिंगीत उभं ऱ्हाऊन सांगितलंय, माझी लेक पैल्या बाळंतपणाला येणार ती बर्फातनं येणार, आन् माझ्या सवताच्या जीपमधनं येणार. आता मागं फिरायचं न्हाई.

विजयमाला: मागं फिरायला आदुगर म्होरं जावं लागतंय. दिवाळीत बोललासा हे. आता निम्मा मार्गशीर्ष सरला. जावाय शिवतेजला रजा न्हाई म्हणून त्यानं इस्वासानं तुमच्यावर सोपवलं. डाक्टरनं सांगितलंय, आठव्यात हलवायचं न्हाई. आन् तुमी आपलं रोज सांगली. टायर बघून यायचं, चा पिऊन यायचं. मी पैल्या दिवसापास्नं म्हणतीया, मिरजंला रेल्वे लागती.

नाथाजी: रेल्वेनं काय कुणीबी आणतंय.

मानसिंग: थांबा जरा. आण्णा, जीप अशी बसल्यागत का दिसतीया? आन् हलवली की टायरात काय वाजतंय?

नाथाजी: वळखलंस! शाब्बास गड्या! पाणी हाय.

मानसिंग: पाणी?

नाथाजी: तीन भाग पाणी, एक भाग हवा. काल पंक्चरवाल्या कोंडीबाकडनं भरून घेतलं. ट्रॅक्टरच्या मागल्या चाकात भरतो का न्हाई आपण? नांगर वडताना वजनानं कसा धरतोय! आन् बर्फ म्हंजी तरी काय रं, पांढरा चिखल.

मानसिंग: चारी चाकात?

नाथाजी: स्टेपनीतबी. अर्धवट काम आपल्याला जमत न्हाई.

मानसिंग: आण्णा, तिथल्या थंडीत पाण्याचं काय हुतंय?

नाथाजी: काय हुतंय?

मानसिंग: बर्फ.

नाथाजी: ...मग बरंच की! बाहीर बर्फ, आत बर्फ. दोघांचं जुळंल.

मानसिंग: जुळंल तर. रातभर उभी गाडी, चारी टायरात तळाला दगडागत गोळा. सकाळी चालू केली की उड्या मारत जाईल. आन् आत पोटुशी बाई.

विजयमाला: आई गं!

नाथाजी: तू लगीच आई गं म्हणू नको. मार्ग निघतोय.

मानसिंग: आमचं एक साहेब हुतं. बर्फ पडाय लागलं की आमी समदं टायर, चेन, डिझेल, ह्याच्यावर बोलत बसायचो. त्ये यायचं आन् एकच इचारायचं, ‘जायलाच पाहिजे काय?’ निम्म्या येळंला उत्तर ‘न्हाई’ यायचं.

नाथाजी: मला जायलाच पाहिजे.

विजयमाला: कशाला? लेकीला आणाय, का बाळासोला दावाय?

नाथाजी: एका फेरीत दोन कामं हुत असली तर तुझं काय जातंय?

विजयमाला: आवं, तुमी कोल्हापूरच्या म्होरं गाडी नेलीया का कवा?

नाथाजी: न्हाई कशी? निपाणीला गेलतो की.

विजयमाला: निपाणीला मानसिंग चालवत हुता. तुमी शेजारी बसून हॉर्न वाजवत हुतासा.

मानसिंग: हॉर्न आण्णांनी बराबर वाजवला हुता, काकी.

विजयमाला: भ्या वाटतंय, तर तसं सांगायचं हुतं. मी काय हसले असते व्हय? दीड महिना नुसतं टायर, टायर, टायर.

नाथाजी: ...तिकडं घाट लय वाईट हायत म्हणत्यात. एका अंगाला नुसती दरी. पोर मागं बसल्याली, तिच्या पोटात पोर, आन् माझा हात चुकला तर? झोप लागत न्हाई मला. वाटलं, टायर चांगलं गावलं की भ्या जाईल.

विजयमाला: गेलं?

नाथाजी: न्हाई गेलं.

मानसिंग: मलाबी वाटायचं, आण्णा. पंधरा वर्सं रोज.

विजयमाला: बरं, आता दोघंबी ऐका. पूजा निघाली.

नाथाजी: निघाली? कुठं निघाली?

विजयमाला: हिकडं. रेल्वेनं. तिच्या शेजारी रहिमतपूरच्या सुभेदाराची बायको हाय, ती गावाकडं येणारच हुती. तिच्यासंगं परवा दिल्लीत गाडीत बसली. ती माउली पार मिरजंपतूर सोडाय येतीया, मग माघारी आपल्या गावाला जाईल. आज चारला गाडी येती.

नाथाजी: आज? आन् मला आत्ता सांगतीस?

विजयमाला: आठ दिस आदुगर सांगितलं असतं तर मिरजंच्या रस्त्याला कंचा टायर, म्हणून बसला असतासा.

नाथाजी: मी बाप हाय तिचा! मला का न्हाई लिवलं तिनं?

विजयमाला: लिवलंय की. हे घ्या, वाचते. ‘आई, आण्णांना एवढ्यात काही सांगू नकोस. त्यांचे टायर ठरेपर्यंत बाळ स्वतः चालत तासगावला येईल. आणि चुकून ठरलेच, तर ते जीप घेऊन निघतील. मग ते इथे पोचेपर्यंत मला झोप लागायची नाही.’

नाथाजी: ...झोप लागायची न्हाई, असं लिवलंय?

विजयमाला: व्हय. बापावर गेलीया.

नाथाजी: मानसिंग, पाणी काढाय किती येळ लागंल रं?

मानसिंग: पाच चाकं. कोंडीबा असता तर संध्याकाळपतूर झालं असतं. त्यो आज बाजाराला गेलाय.

नाथाजी: मग मिरजंला जायाचं कशानं?

विजयमाला: मी सकाळीच सांगून आलीया. बाळासो तीनला गाडी घेऊन येतोय.

नाथाजी: बाळासो! माझी लेक बाळासोच्या जीपमधी? अगं, त्या जीपला मी हातबी लावणार न्हाई!

विजयमाला: नका लावू. त्यानं एका शब्दानं इचारलं न्हाई, तुमच्या जीपला काय झालं म्हणून. एवढंच म्हणला, ‘काकी, पोरीच्या पाठीला उशी घ्या, मी सावकाश चालवतो.’

नाथाजी: असं म्हणला?

विजयमाला: म्हणला.

नाथाजी: ...हलगी न्हाई ना आणणार त्यो?

विजयमाला: न्हाई.

नाथाजी: त्याच्या गाडीला टायर कंचं हायत?

विजयमाला: आवं!

नाथाजी: बरं, बरं, न्हाई इचारत. उश्या दोन घे. आन् बाळासोला सांग, पूजाला पुढं बसवायची. मी मागं बसतो.